मधुमेहाचे निदान झाल्यानंतरचे पहिले वर्ष : पथ्य, व्यायाम आणि औषध



देवस्थानच्या या पानावर उत्सवांची व पूजाअर्चेची माहिती नेहमीच दिली जाते. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. परंतु त्याची निकड देवळात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला जाणवते आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मधुमेहविषयक पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यवार प्रमाणात पहिला क्रमांक आपल्या गोव्याचा लागला. येथे प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे दर चौघांत एकाहून अधिक, मधुमेही आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के आहे.

त्यामुळे ‘रिपोर्टमध्ये साखर आली, आता एकादशी करावी की नाही?’, ‘प्रसाद नाकारला तर चालेल का?’, ‘गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही म्हणतात, तर आधी पथ्यावरच राहू का?’ असे प्रश्न कार्यालयात वारंवार विचारले जातात. प्रस्तुत लेखक वैद्यक व्यवसायातील नाही. डॉक्टरांची जागा घेण्याचा या लेखाचा हेतू नसून, डॉक्टरांसमोर बसताना रुग्णाला आपली अवस्था समजलेली असावी आणि योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढाच मर्यादित उद्देश आहे. येथील विवेचन मुख्यतः प्रौढपणी होणाऱ्या, ज्याला ‘टाइप २’ म्हणतात, त्या मधुमेहाविषयी आहे.

निदान कोणत्या आकड्यांवरून होते?

रात्रभर, निदान आठ तास, काही न खाता घेतलेल्या रक्तात दर डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक साखर असेल. अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी ती २०० किंवा अधिक असेल. अथवा ‘एचबीए१सी’ ही तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आली असेल, तर मधुमेह आहे असे मानतात. लक्षणे काहीच नसतील तर एकाच आकड्यावर विसंबून न राहता तपासणी पुन्हा करून खात्री करून घेण्याचा प्रघात आहे. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही उंबरठ्यावरची अवस्था होय.

एचबीए१सी या नावाने अनेकजण गोंधळतात. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. रक्तात साखर जितकी अधिक, तितकी ती या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटून राहते. म्हणून या एका तपासणीवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, तर ८ टक्के म्हणजे सरासरी १८३ असा स्थूल हिशेब आहे. तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून हा आकडा फसवता येत नाही. मात्र रक्तक्षय असेल तर तो खरी स्थिती दाखवीलच असे नाही; तेव्हा तशी व्याधी असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

शरीरात नेमके काय बिघडते?

आपण खाल्लेल्या भातापोळीचे पचनानंतर ग्लुकोज होते व ते रक्तात उतरते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे ग्लुकोज स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत पोहोचवते आणि यकृताला ‘आता तुझ्या साठ्यातली साखर सोडू नकोस’ असा संदेश देते. टाइप २ मधुमेहात दोन गोष्टी घडतात. यकृत व स्नायू इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनासे होतात, आणि ती तूट भरून काढता काढता स्वादुपिंडाची क्षमता कमी होत जाते. सकाळी काही न खाताही साखर वाढलेली का दिसते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. रात्रभर यकृत गरजेपेक्षा अधिक साखर रक्तात सोडत राहते, हे त्याचे उत्तर आहे.

‘मी तर सडपातळ आहे, मला कसा झाला?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. भारतीय माणूस वजनाने हलका दिसला तरी त्याच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबीचे प्रमाण अधिक व स्नायूंचे कमी असते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणूनच आपल्याकडे वजनकाट्याइतकेच महत्त्व मोजपट्टीला आहे. पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

हा आजार बहुधा निदानापूर्वी काही वर्षे शरीरात मुकाट्याने वास करीत असतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तो सौम्य आहे असा समज होतो. प्रत्यक्षात वाढलेली साखर डोळ्यांच्या पडद्यावरील, मूत्रपिंडातील आणि पायांच्या मज्जातंतूंना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना हळूहळू इजा करीत असते. हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही वाढवीत असते.

पथ्य की गोळी?

नव्याने निदान झालेल्या माणसापुढे हाच खरा पेच असतो. त्याचा विचार अनुभवी लोकांच्या ऐकीव गोष्टींवरून न करता मोठ्या अभ्यासांवरून करणे श्रेयस्कर.

ब्रिटनमध्ये १९७७ पासून सुरू झालेल्या एका प्रदीर्घ अभ्यासात नुकतेच निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटाची साखर औषधांनी अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवली होती, त्यांची एचबीए१सी सरासरी ७ टक्के होती. केवळ नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांची ७.९. या एका टक्क्याहूनही कमी फरकाने डोळे, मूत्रपिंड इत्यादींतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे एकचतुर्थांशाने घटले. त्याहून बोलके निरीक्षण दहा वर्षांनंतर, २००८ साली, समोर आले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली होती, तरीही सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी ती आटोक्यात ठेवली त्यांना लाभ मिळतच राहिला. पहिल्या वर्षांतली शिस्त शरीर विसरत नाही, असा याचा अर्थ. ‘बघू पुढे’ म्हणून दोन-तीन वर्षे घालवणे म्हणूनच महाग पडते.

याच अभ्यासातून दुसरीही गोष्ट उघड झाली. एकाच औषधावर तीन वर्षांनंतर सुमारे निम्म्या रुग्णांची एचबीए१सी सातच्या आत होती. नऊ वर्षांनंतर ते प्रमाण एकचतुर्थांशावर आले. अर्थात काळाच्या ओघात औषध वाढवावे लागणे हा बहुतेकांच्या बाबतीत आजाराचा स्वभाव आहे. त्यात रुग्णाचा दोष किंवा पथ्याची हार शोधण्याचे कारण नाही.

आता पथ्याच्या बाजूचा पुरावा पाहू. ब्रिटनमध्येच प्राध्यापक रॉय टेलर व माइक लीन यांनी केलेल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या, स्थूल रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली तीन ते पाच महिने दररोज सुमारे ८५० कॅलरींचा द्रवाहार देण्यात आला व नंतर नेहमीचे अन्न हळूहळू सुरू केले. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आली. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक घटले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी मात्र ४६ चे ३६ टक्के झाले, कारण उतरलेले वजन टिकवणे सर्वांना साधले नाही.

या अवस्थेला वैद्यकशास्त्र ‘बरा झाला’ असे म्हणत नाही. औषध थांबवून निदान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिली तर आजार ‘शमला’ असे म्हणतात. शमलेला आजार वजन वाढताच परतू शकतो. म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. शिवाय मुळातच सडपातळ असलेल्या किंवा आजार जुना झालेल्या व्यक्तीला हा मार्ग तितका फलदायी ठरेलच असे नाही. असा अल्पाहार स्वतःच्या मनाने करणे धोक्याचे आहे, कारण त्या काळात मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे बदलावी लागतात.

या सर्वांचे सार असे : पथ्य आणि औषध हे दोन विरोधी पक्ष नाहीत. आहार व व्यायाम हा पाया. तो कोणालाच चुकत नाही. निदानाच्या वेळी साखर थोडीच वाढलेली असेल तर काही डॉक्टर तीन महिने केवळ पथ्यावर ठेवून पाहतात. पुष्कळजण पहिल्या दिवसापासून सौम्य औषध जोडतात. दोन्ही रीती शास्त्रसंमत आहेत. मात्र ‘पथ्यावर राहतो’ म्हणणाऱ्याने तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी. तारखेशिवायचे पथ्य म्हणजे बहुधा उपचार पुढे ढकलणे ठरते.

एक अपवाद ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. वजन झपाट्याने घटत असेल, तहान व लघवी अतोनात वाढली असेल, उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर पथ्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी इन्सुलिनची तातडीने गरज असू शकते. लहान मुलांना व तरुणांना होणाऱ्या टाइप १ मधुमेहात तर इन्सुलिन हाच जीवनाचा आधार आहे. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले वाचत नसत. टाइप १ च्या रुग्णाने कोणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन बंद करू नये.

गोमंतकीय घरातले पथ्य

पथ्य म्हणजे परक्या देशातले पदार्थ आणणे नव्हे. आपल्या ताटातील प्रमाण बदलणे, हेच पथ्याचे मर्म. ताटाचा अर्धा भाग भाज्या व कोशिंबीर, पाव भाग कडधान्य, डाळ, मासळी किंवा अंडे, आणि पाव भाग भात अथवा पोळी, ही सोपी विभागणी ध्यानात ठेवावी. आपल्या बहुतेक घरांत याच्या नेमके उलट असते : ताटभर भात, त्यावर हुमण किंवा वरण, आणि कोपऱ्यात चिमूटभर भाजी.

शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. उकडा तांदूळ पॉलिश केलेल्या सुरय तांदळापेक्षा काहीसा सरस आहे. परंतु ‘उकडा चालतो’ म्हणून तो दुप्पट खाल्ल्यास लाभ उरत नाही. गुरगुट शिजवलेली पेज लवकर पचते, म्हणून साखरही लवकर वाढवते. भाताची वाटी ठरवून घ्यावी आणि तीच वाटी रोज वापरावी. अळसांदे, मूग, चवळी, कुळीथ ही आपली जुनी कडधान्ये पोट भरतात व साखर हळूहळू वाढवतात. तांबडी भाजी, भेंडी, दोडकी, दुधी, मुळा, वाल यांचे प्रमाण वाढवावे. मासळी तळण्याऐवजी हुमणात किंवा सुक्यात घ्यावी. नाचणीची तिझन पौष्टिक असली तरी तिच्यात गूळ घातला की ती गोड पक्वान्नच होते. ताकातली तिझन बरी.

गूळ, मध व माडाचा गूळ यांविषयी गैरसमज फार आहेत. रक्तातील साखरेच्या दृष्टीने हे तिन्ही साखरेचेच भाऊबंद आहेत. चहातील दोन चमचे साखर दिवसातून चारदा म्हणजे आठ चमचे होतात. केवळ एवढे सोडले तरी पहिल्या महिन्यात फरक दिसतो. फळांचा रस पिण्याऐवजी अख्खे फळ खावे. मानकुराद आंब्याच्या दिवसांत पूर्ण वर्ज्य करण्याचा हट्ट बहुधा टिकत नाही. एखादी फोड, जेवणावर न खाता मधल्या वेळी, आणि त्या दिवशी भात कमी, असा तोल सांभाळावा. संध्याकाळच्या चहासोबतचे पाव, बिस्किटे व फरसाण यांकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही आणि साखर तेथेच वाढते. मद्य घेणाऱ्यांनी हे जाणावे की उपाशीपोटी घेतलेले मद्य, काही गोळ्या किंवा इन्सुलिनच्या जोडीने, साखर एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते.

चालणे

आठवड्याला निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली जेवणानंतर चढणारी साखर उतरवते, कारण हालचाल करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे यानेही आरंभ होतो. छातीत दुखणे, धाप किंवा पायांत बधिरपणा असल्यास प्रथम डॉक्टरांना विचारावे.

औषधांची ओळख

पहिले औषध म्हणून बहुधा ‘मेटफॉर्मिन’ दिले जाते. युरोपातील गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्यावरून त्याचा शोध लागला व १९५७ साली फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी मधुमेहात त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ पारखलेले हे औषध आहे. यकृतातून सुटणारी जादा साखर ते रोखते. एकटे घेतले असता साखर सहसा फार उतरत नाही व वजनही वाढत नाही. सुरुवातीस काहींना मळमळ किंवा जुलाब होतात. जेवणासोबत घेतल्यास व मात्रा हळूहळू वाढवल्यास त्रास बहुधा शमतो. हा त्रास झाला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. ‘गोळीने किडनी बिघडते’ हा समज सर्वत्र ऐकू येतो. मूत्रपिंड आधीच बरेच निकामी झाले असल्यास हे औषध देत नाहीत, हे खरे. परंतु मूत्रपिंड बिघडवतो तो अनियंत्रित मधुमेह व रक्तदाब. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, त्यातही शाकाहारी व्यक्तींत, ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून त्याची अधूनमधून तपासणी करावी.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाकडून अधिक इन्सुलिन काढून घेतात. त्या स्वस्त व परिणामकारक आहेत. परंतु गोळी घेऊन जेवण चुकवल्यास साखर घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि हृदय व मूत्रपिंड यांचे रक्षण करतात, असे अलीकडील अभ्यासांत दिसून आले आहे. ती घेणाऱ्यांनी गुप्तांगाची स्वच्छता राखावी, पाणी पुरेसे प्यावे, आणि दीर्घ उपवासापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्या, आठवड्यातून एकदा टोचावयाची वजन उतरवणारी औषधे आणि इन्सुलिन, असे अन्य पर्याय आहेत. इन्सुलिन सुरू करणे म्हणजे अखेरची घटका आली, हा समज निराधार आहे. निदानाच्या वेळी साखर फार चढलेली असल्यास काही आठवडे इन्सुलिन देऊन पुढे गोळ्यांवर आणल्याची उदाहरणे पुष्कळ असतात.

साखर एकाएकी उतरली तर

घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, अतिभूक, गोंधळल्यासारखे होणे ही साखर ७० च्या खाली गेल्याची चिन्हे होत. तत्काळ तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि सुधारणा नसेल तर पुन्हा तेच करावे. नंतर काही खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. अशा व्यक्तीने साखरेची पुडी सदैव खिशात बाळगावी.

उपवास, प्रसाद आणि अनवाणी प्रदक्षिणा

भाविकांच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे व वर वरीचे तांदूळ असा उपवास रोजच्या जेवणापेक्षा साखर अधिक वाढवतो. याउलट निर्जळी किंवा निरंकार उपवास, ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर घसरवू शकतो. उपवास करावयाचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाच्या औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. ताक, दूध, शेंगदाणे, काकडी, एखादे फळ असा थोडाथोडा फराळ घ्यावा. आजारी, वृद्ध व गर्भवती यांना व्रतातून मोकळीक देण्याची रीत आपल्या घराघरांत पूर्वापार चालत आली आहे. ती मोकळीक घेण्यात व्रतभंगाची खंत बाळगू नये.

प्रसादाविषयीही संकोच नसावा. कणभर प्रसाद मस्तकी लावून घेतला तरी तो पूर्ण पावतो; उरलेला घरच्यांना द्यावा. प्रसाद वाटणाऱ्यांनी व घरी पाहुण्यांना वाढणाऱ्यांनी ‘एवढ्याने काय होते’ असा आग्रह धरू नये. हा आग्रह प्रेमापोटी होत असला तरी वर्षभरातील सण, जत्रा, श्रावणातील सोमवार, चतुर्थी व लग्नकार्ये एकत्र मोजली तर ‘एवढ्याने’ बरेच काही होते.

सर्वांत अधिक काळजी पायांची. मज्जातंतू बधिर झालेल्या माणसाला चैत्र-वैशाखात तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही. फोड येतो, चिघळतो आणि बोट किंवा पाऊल गमावण्यापर्यंत पाळी येऊ शकते. पायांना मुंग्या येणे किंवा स्पर्श कमी जाणवणे सुरू झालेल्या भाविकांनी दुपारी अनवाणी प्रदक्षिणा टाळावी. सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर यावे, स्वच्छ सुती पायमोजे घालावेत. घरी गेल्यावर तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरातील कोणास पाहावयास सांगावे.

पहिल्या वर्षाचे टिपण

• एचबीए१सी दर तीन महिन्यांनी. स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी. बहुतेकांसाठी ध्येय ७ टक्क्यांच्या आत. अतिवृद्ध व दुर्बल व्यक्तींसाठी डॉक्टर ते शिथिल करतात.
• उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत.
• रक्तदाब प्रत्येक भेटीत. साधारणतः १३०/८० च्या आत.
• डोळ्यांच्या पडद्याची तपासणी निदान होताच व पुढे ठरल्याप्रमाणे. दृष्टी स्वच्छ असली तरीही.
• लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन व कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा.
• पायांची तपासणी. दात व हिरड्यांकडे लक्ष.
• तंबाखू व धूम्रपान पूर्ण बंद.

हे सर्व एका वहीत तारीखवार लिहून ठेवावे व डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी. औषधांचा खर्च परवडत नसल्यास तो संकोच डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावा. मेटफॉर्मिन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि जनऔषधी केंद्रांत मूळ नावाची औषधे कमी किमतीत मिळतात.

सावधानतेचे दोन शब्द

‘अमुक चूर्णाने मधुमेह मुळासकट बरा’ अशी पत्रके व संदेश सर्वत्र फिरत असतात. कारले, मेथी, जांभूळबी यांचे आहारातील स्थान कोणी नाकारत नाही. परंतु त्यांच्या भरवशावर चालू औषध बंद करणे घातक आहे. कोणतेही चूर्ण वा काढा घेत असल्यास डॉक्टरांपासून ते लपवू नये. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. तीन महिने गोळी घेतली, रिपोर्ट उत्तम आला, म्हणून ‘साखर गेली’ असे समजून गोळी व पथ्य दोन्ही सोडणारे पुष्कळ असतात. तो उत्तम रिपोर्ट त्या गोळीचा व पथ्याचाच परिणाम असतो.

घरच्यांनाही विनंती आहे. एकाच माणसाचे ताट वेगळे वाढल्याने त्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते. सर्वांच्याच ताटात भाजी वाढली व भात थोडा कमी झाला तर त्याचे पथ्य टिकते आणि इतरांचेही हित होते. मधुमेह कुटुंबात उतरतो. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या व्यक्तींनी आहार व व्यायामात बदल केला, तेव्हा पुढील तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. तेव्हा एकाचे निदान झाले की घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने आपलीही साखर तपासून घ्यावी.

निदानाचा कागद लपवून ठेवण्यासारखे यात काहीही नाही. वेळेवर कळले, ही त्यातली जमेची बाजू समजावी. पहिल्या वर्षाची शिस्त पुढील अनेक वर्षांची दृष्टी, पाय व मूत्रपिंड राखते, आणि उत्सवाच्या दिवशी आपल्या पायांनी पायऱ्या चढून येण्याचे सुख त्यातच आहे. सर्व भाविकांस ते दीर्घकाळ लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

– सचिव,
देवस्थान समितीच्या वतीने